मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी (१९०३–१९७९): औरंगाबादेत जन्मलेले इस्लामी धर्मपंडित

परिचय

विसाव्या शतकातील इस्लामी विचारावर ज्यांच्या लेखणीचा खोल ठसा उमटला, अशा मोजक्या विद्वानांत मौलाना सय्यद अबुल आला मौदूदी यांची गणना होते. कैरोपासून जाकार्तापर्यंत त्यांचे ग्रंथ वाचले गेले व आजही वाचले जातात. मात्र हे गृहस्थ आपल्या औरंगाबादचे, म्हणजे २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शहराचे सुपुत्र होते, ही गोष्ट मराठवाड्यातील फार थोड्या लोकांना ठाऊक असते.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्तेतर धर्मांविषयीचे घोषणापत्र प्रसिद्ध केले. मुस्लिम बांधवांकडे ख्रिस्तसभा आदराने पाहते असे सांगून भूतकाळातील वैर मागे टाकून परस्परांना समजून घेण्याचा यत्न करावा, असे आवाहन त्यात आहे. समजून घ्यावयाचे तर जे पटते तेवढेच वाचून भागत नाही. आपल्याला न पटणारा विचारही मुळापासून जाणून घ्यावा लागतो. या दृष्टीने मौलाना मौदूदी यांच्या जीवनाचा परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

राज्याने एका धर्माच्या आज्ञेनुसार चालावे की नाही, आणि चालावे म्हटले तर त्या धर्माबाहेरच्या नागरिकाचे काय, हा प्रश्न मौलानांच्या साऱ्या आयुष्याला व्यापून राहिलेला आहे. भारतात अल्पसंख्य म्हणून राहणाऱ्या आपणा कॅथलिक भाविकांनाही तो परका नाही.

घराणे आणि बालपण

अबुल आला यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबाद येथे झाला. त्या वेळी हे शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. मौदूदी घराणे दिल्लीचे. चिश्ती परंपरेतील सूफी संत ख्वाजा कुतबुद्दीन मौदूद चिश्ती यांच्यापासून ते आपली वंशपरंपरा सांगत असे. वडील अहमद हसन हे वकील. अलीगढच्या महाविद्यालयाचे संस्थापक सर सय्यद अहमद खान यांच्याशी त्यांचे नाते होते आणि काही काळ ते स्वतः अलीगढला शिकलेही होते. परंतु मुलावर इंग्रजी वळण पडते आहे असे वाटून घरच्यांनी त्यांना तेथून काढून घेतले. पुढे वकिलीच्या निमित्ताने ते औरंगाबादेत येऊन राहिले.

औरंगाबादचा परिसर सूफी संतांचा आहे. दिल्लीचे हजरत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुऱ्हाणुद्दीन गरीब चौदाव्या शतकात दख्खनमध्ये आले; त्यांचा दर्गा जवळच खुलदाबादला आहे. शहरातील पाणचक्की बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी जोडलेली आहे. या वातावरणाचा अहमद हसन यांच्यावर एवढा परिणाम झाला की, काही काळ वकिली सोडून ते दिल्लीला निजामुद्दीन दर्ग्याच्या परिसरात विरक्ताप्रमाणे जाऊन राहिले. परत आल्यावर त्यांनी पुन्हा व्यवसाय सुरू केला. पण मनाला खरे वाटेल तेवढेच खटले घ्यावयाचे, असा नेम ठेवला. उत्पन्न साहजिकच घटले.

धाकट्या मुलाला इंग्रजी शाळेत घालावयाचे नाही, हा वडिलांचा निश्चय होता. उर्दू, फारसी, अरबी, धर्मशास्त्र व हदीस यांचे धडे त्याला घरीच मिळाले. वयाच्या अकराव्या वर्षी त्याला औरंगाबादच्या मदरसा फौकानियामध्ये घालण्यात आले. येथे पारंपरिक धर्मविद्येबरोबर गणित व विज्ञानही शिकविले जाई. शाळकरी वयातच त्याने इजिप्तचे सुधारक कासिम अमीन यांच्या स्त्रीस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या अरबी पुस्तकाचे उर्दू भाषांतर केले. पुढे याच विद्यार्थ्याने मोठेपणी ‘पर्दा’ नावाचा ग्रंथ लिहून अगदी उलट बाजू मांडली.

कुटुंब हैदराबादला गेल्यावर तेथील दारुल उलूममध्ये त्याचे शिक्षण सुरू झाले. परंतु वडिलांच्या दीर्घ आजारामुळे ते थांबले. वडिलांच्या निधनानंतर चरितार्थाचा भार अंगावर पडला आणि नियमित शिक्षण संपले.

पत्रकारितेची वर्षे

लेखणीवर पोट भरावयाचे, असे तरुण अबुल आला यांनी ठरविले. १९१८ च्या सुमारास मोठे बंधू अबुल खैर यांच्यासमवेत ते बिजनौरच्या ‘मदीना’ या पत्रात काम करू लागले. नंतर जबलपूरच्या ‘ताज’ या पत्राचे काम त्यांनी पाहिले. १९२१ मध्ये ते दिल्लीस आले आणि जमियत उलमा-ए-हिंद या संघटनेच्या ‘मुस्लिम’ या पत्राचे संपादक झाले. पुढे १९२५ ते १९२८ या काळात त्याच संघटनेचे ‘अल-जमियत’ हे पत्र त्यांनी सांभाळले.

या आरंभीच्या काळात ते राष्ट्रीय चळवळीचे समर्थक होते. पंडित मदनमोहन मालवीय यांच्याविषयी त्यांनी प्रशंसापर लेखन केले. महात्मा गांधींचे चरित्रही त्यांनी लिहिले होते. ते पोलिसांनी जप्त केले. खिलाफत चळवळीतही ते सहभागी होते. हिंदू व मुसलमान यांनी खांद्याला खांदा लावून इंग्रजांविरुद्ध उभे राहावे, असे मानणारा हा तरुण पुढे वेगळ्या वाटेने गेला, याची कारणे त्या दशकातील घटनांत सापडतात. १९२४ मध्ये तुर्कस्तानात खिलाफत संपुष्टात आली. उत्तर हिंदुस्थानात दंगलींची मालिका सुरू झाली. डिसेंबर १९२६ मध्ये दिल्लीत स्वामी श्रद्धानंद यांची एका मुस्लिम तरुणाने हत्या केली आणि इस्लाम हा तलवारीचा धर्म आहे अशी टीका देशभर होऊ लागली. या टीकेला उत्तर म्हणून मौदूदींनी १९२७ मध्ये जिहादविषयी लेखमाला सुरू केली. तीच १९३० मध्ये ‘अल-जिहाद फिल-इस्लाम’ या नावाने ग्रंथरूपाने आली. तिच्यामुळे त्यांना प्रथम विद्वान म्हणून मान्यता लाभली.

‘आलिम’ म्हणजे कोण?

येथे आपल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करणे इष्ट होईल. इस्लाममध्ये आपल्याकडील गुरुदीक्षेसारखा संस्कार नाही. धर्मगुरू व प्रापंचिक असा संस्काराने पडणारा भेदही नाही. धर्मविद्येत पारंगत असलेल्या व्यक्तीस ‘आलिम’ म्हणतात. त्याचे अनेकवचन ‘उलमा’. ‘मौलाना’ ही आदरार्थी पदवी होय. मदरशामध्ये ठरावीक ग्रंथ गुरूजवळ बसून वाचल्यावर ते शिकविण्याची लेखी अनुज्ञा मिळते. तिला ‘इजाजत’ म्हणतात. अशी अनुज्ञा गुरुशिष्यपरंपरेने चालत आलेली असते.

दिल्लीत असताना मौदूदींनी फतेहपुरी मशिदीतील मदरशात देवबंदी विद्वानांच्या हाताखाली अध्ययन केले आणि १९२६ मध्ये इजाजत मिळविली. परंतु त्यांनी ती कधी मिरवली नाही. ऐन तारुण्यात ते दाढी न राखणारे, पाश्चात्त्य पेहराव करणारे पत्रकार होते. त्यामुळे हा मनुष्य स्वयंशिक्षित आहे, आलिम नव्हे, असा आक्षेप परंपरेतील अनेक उलमांनी त्यांच्यावर जन्मभर घेतला. मौदूदींची भाषाही मदरशाची नव्हती. अरबी-फारसी संज्ञांनी जड झालेली जुनी शैली टाकून त्यांनी सुशिक्षित वाचकास कळेल अशी स्वच्छ, युक्तिवादाने पुढे जाणारी उर्दू लिहिली. उलमांचा आक्षेप आणि महाविद्यालयीन तरुणांची पसंती या दोहोंमागे हे एकच कारण होते.

हैदराबाद, पठाणकोट आणि जमात-ए-इस्लामी

१९२८ मध्ये ते हैदराबादला परतले. १९३२ मध्ये ‘तर्जुमानुल कुरआन’ हे मासिक त्यांच्या हाती आले आणि मृत्यूपर्यंत तेच त्यांच्या विचारांचे मुखपत्र राहिले. इस्लामची तोंडओळख करून देणारे त्यांचे ‘रिसाला-ए-दीनियात’ हे छोटे पुस्तक याच सुमाराचे. जगातील अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले आहेत. १९३७ मध्ये त्यांचा विवाह झाला. पुढील वर्षी कवी मुहम्मद इक्बाल यांच्या सूचनेवरून ते पंजाबात पठाणकोटजवळ ‘दारुल इस्लाम’ नावाच्या अभ्यासकेंद्रात राहावयास गेले. इक्बाल यांचे एप्रिल १९३८ मध्ये निधन झाल्याने दोघांचे सहकार्य मात्र पुढे सरकले नाही.

तो काळ मोठ्या राजकीय वादाचा होता. देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांचे म्हणणे असे की, हिंदू व मुसलमान हे एकाच भूमीचे रहिवासी म्हणून एक राष्ट्र आहेत. मुस्लिम लीगचे म्हणणे असे की, मुसलमान हे स्वतंत्र राष्ट्र आहे. मौदूदींनी दोन्ही मते अमान्य केली. राष्ट्रवाद हीच मुळात पाश्चात्त्यांकडून आलेली कल्पना असून ती ईश्वराची जागा राष्ट्राला देते, असा त्यांचा आक्षेप होता. मुस्लिम लीगचे पुढारी धार्मिक आचरणाने मुसलमान नाहीत, तेव्हा त्यांनी मिळविलेले राज्य इस्लामी कसे होईल, असे ते विचारीत. पाकिस्तानच्या मागणीचे टीकाकार असलेले हे गृहस्थ नंतर पाकिस्तानात धार्मिक राजकारणाचे अध्वर्यू झाले, हा त्यांच्या चरित्रातील मोठा विरोधाभास होय.

२६ ऑगस्ट १९४१ रोजी लाहोर येथे ७५ जणांच्या उपस्थितीत ‘जमात-ए-इस्लामी’ची स्थापना झाली आणि मौदूदी तिचे पहिले अमीर, म्हणजे प्रमुख झाले. संख्येपेक्षा शिस्तीवर भर देणारी ही संघटना होती. पूर्ण सदस्यत्व मिळण्यापूर्वी उमेदवाराचे आचरण पारखले जाई. १९४७ मध्ये फाळणी झाली तेव्हा पठाणकोट भारतात राहिले व मौदूदी लाहोरला गेले. भारतात राहिलेल्या सदस्यांनी १९४८ मध्ये ‘जमात-ए-इस्लामी हिंद’ ही वेगळी संघटना स्थापन केली.

त्यांच्या विचाराचा गाभा

मौदूदींचे प्रतिपादन थोडक्यात असे सांगता येईल. सार्वभौम सत्ता केवळ ईश्वराची आहे. मनुष्य हा पृथ्वीवर ईश्वराचा प्रतिनिधी आहे. म्हणून कायदे करण्याचा मूळ अधिकार राजाला नाही, संसदेला नाही व बहुमतालाही नाही. ईश्वराने दिलेल्या शरियतचा अंमल करणे एवढेच राज्याचे काम. मात्र राज्यकर्ते लोकांनी निवडावेत व लोकांना जबाबदार असावेत. या रचनेस त्यांनी ईश्वरी शासन व लोकशाही यांचा संयोग करणारे नाव दिले होते.

अशा राज्यात मुसलमान नसलेल्या नागरिकांचे स्थान काय, यावर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले आहे. त्यांचे प्राण, मालमत्ता, अब्रू, उपासना व वैयक्तिक कायदा यांचे पूर्ण संरक्षण करणे राज्याला बंधनकारक आहे, असे ते आग्रहाने मांडतात. परंतु राज्य हे एका विशिष्ट तत्त्वावर उभे असल्याने ते तत्त्व न मानणाऱ्यांना धोरण ठरविणारी सर्वोच्च पदे देता येणार नाहीत, असेही ते सांगतात. इस्लामी राज्यात इस्लामचा त्याग करणाऱ्यास देहान्त शिक्षा असावी, या जुन्या धर्मशास्त्रीय मताचेही त्यांनी समर्थन केले. संरक्षण आहे, समता नाही, असा याचा अर्थ होतो. मौदूदी ही गोष्ट लपवीत नाहीत. त्यांच्या लेखनात संदिग्धता कमी आढळते.

ख्रिस्ती वाचकाने येथे एक ऐतिहासिक सत्य विसरू नये. कॅथलिक धर्म हा राज्याचा अधिकृत धर्म असावा, हा आदर्श आपल्याकडेही दीर्घकाळ मान्य होता. १९५३ मध्ये स्पेनशी झालेल्या करारात तेच तत्त्व नमूद आहे. प्रत्येक मनुष्यास धर्मस्वातंत्र्याचा हक्क त्याच्या मानवी प्रतिष्ठेमुळेच आहे, असे ख्रिस्तसभेने अधिकृतपणे जाहीर केले ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ७ डिसेंबर १९६५ रोजी. आणि तेही दीर्घ वादविवादानंतर.

तुरुंग आणि फाशीची शिक्षा

पाकिस्तानात मौदूदी व सरकार यांचे कधी जमले नाही. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू असताना त्यांनी असे मत दिले की, भारताशी करार कायम ठेवून छुपेपणाने चालविलेल्या युद्धास जिहाद म्हणता येणार नाही. जिहाद उघडपणे व राज्यानेच पुकारावा लागतो. त्यांच्याविरुद्ध मोठे काहूर माजले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना अटक झाली व १९५० पर्यंत ते स्थानबद्ध राहिले.

१९५३ मध्ये पंजाबात अहमदिया पंथाविरुद्ध दंगली उसळल्या. अहमदियांना मुसलमान मानू नये, अशी उलमांची मागणी होती. मौदूदींनी त्या मागणीच्या बाजूने ‘कादियानी मसला’ ही पुस्तिका लिहिली. लाहोरमध्ये लष्करी कायदा पुकारण्यात आला आणि मे १९५३ मध्ये लष्करी न्यायालयाने मौदूदींना फाशीची शिक्षा सुनावली. दयेचा अर्ज करण्यास त्यांनी नकार दिला. देशात व देशाबाहेर निषेध झाल्यावर थोड्याच दिवसांत ही शिक्षा १४ वर्षांच्या कारावासावर आणण्यात आली. १९५५ मध्ये त्यांची सुटका झाली. दंगलीत मात्र ज्यांची घरेदारे लुटली गेली व ज्यांचे प्राण गेले ते अहमदिया कुटुंबीय होते, हेही नमूद केले पाहिजे.

या दंगलींच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुहम्मद मुनीर व न्यायमूर्ती कयानी यांचे न्यायालय नेमण्यात आले. त्यांचा १९५४ चा अहवाल प्रसिद्ध आहे. मुसलमान कोणास म्हणावे, या प्रश्नावर कोणत्याही दोन उलमांचे एकमत झाले नाही, असे त्यात नोंदविले आहे. मौदूदींना विचारण्यात आले की, पाकिस्तानात तुम्ही इस्लामी राज्य मागता. मग भारतात हिंदूंनी आपल्या धर्माधारे राज्यघटना केली तर चालेल काय? त्यांनी उत्तर दिले की, आपली हरकत नाही. तेथील मुसलमानांना शूद्र व म्लेच्छ मानून मनूचे कायदे लावले आणि राज्यकारभारातील वाटा व नागरिकत्वाचे हक्क नाकारले, तरीही नाही.

या उत्तरात तर्काची सुसंगती आहे. एकाला जो नियम, तोच दुसऱ्याला, हे त्यांनी मान्य केले. पण कोट्यवधी भारतीय मुसलमानांच्या नशिबी यामुळे काय येईल, याचा विचार त्या सुसंगतीत कोठेही दिसत नाही. त्या कोट्यवधींत त्यांच्या जन्मगावचे मुसलमानही होते.

न्यायमूर्ती कॉर्नेलियस आणि १९६४ चा निकाल

जानेवारी १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष अयूब खान यांच्या राजवटीत जमात-ए-इस्लामीवर बंदी घालण्यात आली आणि मौदूदींना पुन्हा तुरुंगात टाकण्यात आले. प्रकरण पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. त्या वेळी तेथे मुख्य न्यायाधीश होते न्यायमूर्ती ॲल्विन रॉबर्ट कॉर्नेलियस. हे गृहस्थ रोमन कॅथलिक ख्रिस्ती होते.

कॉर्नेलियस यांचा जन्म ८ मे १९०३ रोजी आग्र्याचा. म्हणजे ते व मौदूदी एकाच वर्षी जन्मलेले. १९२६ मध्ये ते भारतीय सनदी सेवेत दाखल झाले, पुढे न्यायखात्यात गेले व फाळणीनंतर पाकिस्तानातच राहिले. गव्हर्नर जनरलने १९५४ मध्ये घटना समिती बरखास्त केली, तेव्हा मुख्य न्यायाधीश मुनीर व इतर सहकाऱ्यांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकट्या कॉर्नेलियस यांनी १९५५ मध्ये विरोधी निकालपत्र लिहिले. १९६० ते १९६८ अशी आठ वर्षे ते मुख्य न्यायाधीश होते.

सप्टेंबर १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जमातवरील बंदी बेकायदेशीर ठरविली. संघटना स्थापण्याचा हक्क हा मूलभूत हक्क आहे; म्हणणे मांडण्याची संधी न देता सरकारने तो हिरावून घेणे घटनेला धरून नाही, असा या निकालाचा आशय होता. त्यानंतर मौदूदींची सुटका झाली.

या घटनेकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. ज्या विद्वानाच्या कल्पनेतील राज्यात मुसलमान नसलेल्यास धोरण ठरविणारे सर्वोच्च पद मिळू शकत नव्हते, त्याची संघटना वाचली ती एका ख्रिस्ती मुख्य न्यायाधीशाच्या न्यायालयात. फिर्यादीचा धर्म कोणता वा त्याचे आपल्या समाजाविषयीचे मत काय, हा प्रश्न त्या न्यायालयाने विचारात घेतला नाही. कॉर्नेलियस इस्लामविरोधी मुळीच नव्हते. पाकिस्तानच्या कायद्यात इस्लामी न्यायतत्त्वांना मानाचे स्थान असावे असे ते आदरपूर्वक म्हणत. मात्र नागरिकाचा हक्क त्यांनी कायद्याच्या कसोटीवर पारखला. १९९१ मध्ये लाहोर येथे त्यांचे निधन झाले.

राजकारणातील पुढील पावले

१९६५ च्या आरंभी झालेल्या अध्यक्षीय निवडणुकीत मौदूदींनी अयूब खान यांच्याविरुद्ध फातिमा जिना यांना पाठिंबा दिला. स्त्रीने राज्यप्रमुख होऊ नये असे पूर्वी लिहिणाऱ्या विद्वानाने हुकूमशाहीपेक्षा हे बरे, असा निवाडा केला. १९६७ मध्ये ईदच्या चंद्रदर्शनाविषयीचा सरकारी निर्णय न मानल्याबद्दल त्यांना पुन्हा अटक झाली. १९७० च्या सार्वत्रिक निवडणुकीत जमातला राष्ट्रीय विधिमंडळात अवघ्या ४ जागा मिळाल्या. मौदूदींचे ग्रंथ घरोघरी होते. मते मात्र मिळाली नाहीत. १९७२ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव त्यांनी अमीरपद सोडले.

पोप सहावे पॉल यांना पत्र

पोप सहावे पॉल यांनी १ जानेवारी १९६८ हा पहिला जागतिक शांतिदिन म्हणून पाळण्याचे आवाहन सर्व धर्मीयांना केले. मौदूदींनी त्यास पत्राने उत्तर दिले. शांतीच्या हाकेचे त्यांनी स्वागत केले आणि त्याबरोबर मुसलमानांच्या तक्रारीही स्पष्टपणे मांडल्या: ख्रिस्ती लेखकांनी पैगंबर व कुरआन यांच्यावर केलेली अनुदार टीका, धर्मांतरासाठी शाळा व रुग्णालये यांचा वापर होत असल्याचा आरोप, आणि पॅलेस्टाइनचा प्रश्न. यांतील दुसरा आरोप आपल्या सेवाकार्याला आपल्या देशातही ऐकावा लागतो व तो आपल्याला मान्य नाही. तथापि, मुसलमान येशूला व पवित्र मरियेला मान देतात, तसा मान आमच्या पैगंबरांनाही मिळावा, ही त्यांची अपेक्षा कोणाही सुज्ञ ख्रिस्ती माणसास विचार करावयास लावील.

‘तफहीमुल कुरआन’

मौदूदींच्या लेखनाचा कळस म्हणजे ‘तफहीमुल कुरआन’ हे कुरआनवरील भाष्य. १९४२ मध्ये ते मासिकातून प्रसिद्ध होऊ लागले व १९७२ मध्ये पूर्ण झाले. ३० वर्षांचे हे काम ६ खंडांत आहे. शब्दाला शब्द न देता आशय ओघवत्या उर्दूत सांगणे ही त्यांची पद्धत. प्रत्येक अध्यायाआधी त्याची ऐतिहासिक पार्श्वभूमी दिलेली आहे. कुरआनमध्ये उल्लेखिलेली स्थळे प्रत्यक्ष पाहावीत म्हणून १९५९-६० मध्ये त्यांनी अरब देशांचा प्रवास केला. बायबलचे दाखलेही या भाष्यात जागोजाग येतात. ते बहुधा वादाच्या अंगाने असले तरी त्यांनी बायबल बारकाईने वाचले होते हे त्यावरून कळते.

मुस्लिम विद्वानांनी केलेली टीका

मौदूदींवरील सर्वांत मूलगामी टीका मुस्लिम विद्वानांनीच केली, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. लखनौचे मौलाना अबुल हसन अली नदवी आरंभी जमातमध्ये होते. ते लवकरच बाहेर पडले. मौलाना अमीन अहसन इस्लाही हे निकटचे सहकारी. निवडणुकीच्या राजकारणावरून झालेल्या मतभेदानंतर १९५८ मध्ये त्यांनीही जमात सोडली. भारतात मौलाना वहिदुद्दीन खान यांनी १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ हा ग्रंथ लिहिला. राज्य स्थापन करणे हेच धर्माचे साध्य मानल्याने ईश्वराशी असलेले भक्तीचे नाते दुय्यम ठरते, असा त्यांचा मुख्य आक्षेप होता. वहिदुद्दीन खान यांनी पुढील सारे आयुष्य शांतता व संवाद यांसाठी वाहिले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

अखेरचे दिवस

१९७९ मध्ये इस्लामच्या सेवेसाठी दिला जाणारा पहिला किंग फैसल पुरस्कार मौदूदींना देण्यात आला. त्याच वर्षी उपचारांसाठी ते अमेरिकेत बफेलो येथे डॉक्टर असलेल्या आपल्या मुलाकडे गेले. तेथेच २२ सप्टेंबर १९७९ रोजी, ७६ वर्षे पूर्ण होण्यास तीन दिवस उरले असताना, त्यांचे निधन झाले. लाहोरच्या गद्दाफी स्टेडियमवर अफाट जनसमुदायाच्या उपस्थितीत त्यांची अंत्यप्रार्थना झाली आणि इछरा भागातील राहत्या घराच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले.

वारसा

मौदूदींच्या विचाराची दोन देशांत दोन रूपे दिसून आली. पाकिस्तानात जनरल झिया यांच्या राजवटीत कायद्यांचे इस्लामीकरण सुरू झाले. ईशनिंदेसाठी देहान्ताची तरतूद १९८६ मध्ये झाली, म्हणजे मौदूदींच्या निधनानंतर. तिची जबाबदारी त्यांच्यावर टाकणे योग्य होणार नाही. परंतु राज्य धर्माचे रक्षक झाले की अल्पसंख्याकांच्या वाट्याला काय येते, हे त्या कायद्याने दाखविले. ६ मे १९९८ रोजी फैसलाबादचे बिशप जॉन जोसेफ यांनी या कायद्याखाली एका ख्रिस्ती तरुणास झालेल्या फाशीच्या शिक्षेचा निषेध म्हणून साहिवाल येथील न्यायालयाच्या आवारात आपले जीवन संपविले. अल्पसंख्याक खात्याचे कॅथलिक मंत्री शाहबाज भट्टी यांची २ मार्च २०११ रोजी इस्लामाबादेत हत्या झाली. या कायद्यात बदल व्हावा, असे ते म्हणत होते.

भारतात जमात-ए-इस्लामी हिंदला अल्पसंख्याक म्हणून मार्ग शोधावा लागला. आणीबाणीत तिच्यावर बंदी आली, तशीच राष्ट्रीय स्वयंसेवक संघावरही आली. दोहोंचे कार्यकर्ते एकाच वेळी तुरुंगात होते. डिसेंबर १९९२ मध्ये पुन्हा बंदी घालण्यात आली. ती १९९४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरविली, कारण सरकारने पुरेसा पुरावा पुढे आणला नव्हता. लाहोरच्या संघटनेला १९६४ मध्ये जे संरक्षण लाभले, तेच दिल्लीच्या संघटनेला तीस वर्षांनी लाभले. आणि दोन्ही वेळा ते दिले नागरिकांत धर्मावरून भेद न करणाऱ्या कायद्याने.

मौलाना मौदूदी यांची विद्वत्ता, परिश्रम, निर्भयता व साधी राहणी यांविषयी आदर बाळगूनही त्यांच्या राज्यविषयक सिद्धान्ताशी सहमत होता येत नाही, अशी आमची भूमिका आहे. त्यांच्या जन्मगावी आज मुसलमान, हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती, शीख व जैन एकाच राज्यघटनेखाली राहतात. यांपैकी कोणाचाही हक्क दुसऱ्याच्या उदारतेवर अवलंबून नाही. तो तसाच राहावा, याची काळजी घेणे हे बहुसंख्याकांचे जेवढे कर्तव्य आहे तेवढेच आपलेही आहे. आणि ज्याचे मत आपल्याला सर्वांत अधिक खटकते त्याच्या हक्कासाठी उभे राहण्याची वेळ आली, तर न्यायमूर्ती कॉर्नेलियस यांचे नाव आपण स्मरावे.